भाड्याचे मत आणि देखरेखीची खुर्ची

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर एरवी मी बेणे प्रक्रिया, खोडव्यातले पाचट, हुमणीचा बंदोबस्त असल्या विषयांवर लिहितो. या अंकात विषय जरा आडवळणाचा घेतला आहे. गटागटांतून फिरताना आपल्या सभासदांची शिकलेली मुले ब्लॉकचेन, टोकन असे शब्द सर्रास बोलताना ऐकू येतात. काहींनी त्यात चार पैसेही घातले आहेत. ही मुले सांगतात की त्यांच्या त्या व्यवहारातही आपल्यासारखी निवडणूक असते, समित्या असतात, घटना असते. वर असेही सांगतात की तिथे पुढारी नाही, मालक नाही, सगळे सभासदांच्या मतावर चालते. ऐकायला हे गोड वाटते. म्हणून थोडे वाचले, विचारले, समजून घेतले. जे समजले ते सरळ भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

मी शेतकी पदविकेचा माणूस. संगणक हा माझा प्रांत नव्हे. पण कारभाऱ्यावर देखरेख कुणी करायची, आणि देखरेख करणाऱ्याला निवडायचे कुणी, हा प्रश्न काही संगणकाचा नाही. वजनकाट्यावर तपासणीला माणूस उभा करायचा तर तो कुणाचा असावा, हे आपल्यातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही बरोबर कळते. तोच प्रश्न आज सातासमुद्रापलीकडे कोट्यवधी डॉलरच्या व्यवहारात उभा राहिला आहे. त्याचे उत्तर देताना त्या लोकांची जी गाळण उडाली ती आपण समजून घेण्यासारखी आहे.

हा व्यवहार आहे तरी काय?

ब्लॉकचेन म्हणजे जमाखर्चाची एक वही. फरक इतकाच की ही वही एका कचेरीत, एका कारकुनाच्या ताब्यात नसते. तिच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, आणि एकदा झालेली नोंद कुणा एकट्याला खोडता येत नाही. इथेरियम नावाची अशी मोठी वही जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. पुढे तिच्यावर गर्दी वाढली, एकेका नोंदीला खर्च फार येऊ लागला. तेव्हा मुख्य कालव्याला पोटचारी काढावी तशा तिला जोडून दुसऱ्या वह्या निघाल्या. त्यांतली एक आर्बिट्रम. ती ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वांना खुली झाली. व्यवहार चारीवर होतात आणि त्यांचा गोळा हिशेब मुख्य कालव्यावर नोंदला जातो.

मार्च २०२३ मध्ये या आर्बिट्रमने आपली टोकने काढली, एकूण १,००० कोटी. त्यांतली ११.६२ टक्के ज्यांनी ही चारी वापरली होती त्यांच्या खात्यांवर फुकट जमा केली. बाकीचा मोठा हिस्सा संस्थेची तिजोरी, ती उभारणारी कंपनी आणि सुरुवातीचे गुंतवणूकदार यांच्याकडे राहिला. या टोकनाला बाजारात भाव असतो, तसेच मतही असते. एक टोकन, एक मत. ज्याच्याजवळ हजार टोकने त्याची हजार मते. टोकनधारकांच्या या मंडळाला 'डाओ' म्हणतात, म्हणजे विकेंद्रित स्वायत्त संस्था.

यात आणखी एक सोय आहे, ती नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढची सारी गोम तिथेच आहे. ज्याला दर ठराव वाचून मत द्यायला सवड नाही तो आपले मत दुसऱ्याच्या नावे करू शकतो. टोकन स्वतःच्याच खात्यावर राहते, भाव चढला-उतरला तर नफा-तोटा त्याचाच. मत तेवढे प्रतिनिधीकडे जाते. आपल्याकडच्या मुखत्यारपत्रासारखीच ही रीत समजा.

देखरेख लागली कशाला?

संस्था स्थापन झाली आणि महिनाभराच्या आतच पहिले भांडण झाले. आर्बिट्रम फाउंडेशन या कारभारी संस्थेने आपल्याकडे ७५ कोटी टोकने वर्ग करण्याचा ठराव मांडला. त्या वेळच्या बाजारभावाने ही रक्कम जवळपास शंभर कोटी डॉलरची. मतदान चालू असतानाच उघड झाले की त्यातली सुमारे ५ कोटी टोकने आधीच हलवली आहेत. त्यांतली ४ कोटी उसनी दिलेली आणि १ कोटी विकून खर्चाला काढलेली. सभासद खवळले. फाउंडेशनचे म्हणणे असे की ठराव म्हणजे झालेल्या गोष्टीला नुसती मान्यता घ्यायची होती. आता सांगा, खर्च आधी आणि ठराव मागून, हे आपल्या वार्षिक सभेत कुणी गप्प बसून ऐकून घेतले असते का? तिथेही ऐकले नाही. मते विरोधात गेली आणि फाउंडेशनला तो ठराव तोडून, वेगवेगळा करून, हिशेबासह पुन्हा मांडावा लागला.

सभासद हजारो, विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे. रोजच्या खर्चावर त्यांनी प्रत्येकाने नजर ठेवणे शक्य नाही. म्हणून समिती हवी हे ओघानेच आले. पुढे २०२५ मध्ये कारभार चालवण्यासाठी 'ओपको' नावाची कंपनी उभारण्याचे ठरले. तिने पैसा कसा वापरला, काम वेळेवर केले की नाही, हे पाहण्यासाठी देखरेख व पारदर्शकता समिती नेमायची आणि तिचे सभासद टोकनधारकांच्या मतांनी निवडायचे, असेही ठरले. इथपर्यंत सगळे रीतसर झाले.

एप्रिल २०२५ ची निवडणूक

या समितीची निवडणूक एप्रिल २०२५ मध्ये झाली आणि तिथेच माशी शिंकली.

'लॉबीफाय' नावाचा एक बाजार निघालेला आहे. ज्या टोकनधारकांना मत देण्यात रस नाही ते आपली मते या लॉबीफायच्या नावे करतात. लॉबीफाय दर ठरावाला ती मते विकायला काढते. ज्याला हवी त्याने पैसे भरावेत आणि सांगावे की मते अमक्याला टाका. आलेल्या पैशातला हिस्सा मूळ टोकनधारकांना मिळतो. म्हणजे जमीन न विकता एका हंगामापुरते पाणी विकावे तसे. टोकन कायम, मताचे भाडे हातात.

या निवडणुकीसाठी लॉबीफायकडच्या मतांचा ठोक भाव ५ ईथर ठेवला होता. एका खातेदाराने तो भरला. त्या बदल्यात १ कोटी ९३ लाख मते त्याने सांगितलेल्या उमेदवाराच्या पारड्यात पडली. ५ ईथर म्हणजे त्या वेळी दहा हजार डॉलरच्या आत, आपल्या पैशात साधारण आठ लाख रुपये. आणि तेवढी टोकने बाजारातून विकत घ्यायची म्हटली असती तर लागले असते सुमारे ६५ लाख डॉलर, म्हणजे पंचावन्न कोटी रुपये. हिशेब सोपा आहे. शंभर रुपये मोलाचे मत पंधरा पैशांना मिळाले. वर्षानुवर्षे प्रत्येक ठराव वाचणाऱ्या, चर्चेला हजर राहणाऱ्या काही नामांकित प्रतिनिधींच्या मतांपेक्षाही ही मते जास्त भरली.

लक्षात घ्या, यात चोरी झालेली नाही. कुणाची सही खोटी केली नाही, कुणाची पेटी फोडली नाही. जे झाले ते सगळे वहीत नोंदलेले, उघड्यावर, नियमात बसणारे. फाउंडेशनने यावर सभासदांची चर्चा बोलावली तेव्हा दोन तट पडले. एक म्हणतो, मत विकणे म्हणजे संस्थेचा पाया विकणे, हे बंद करा. दुसरा म्हणतो, बंद कसे करणार? उघड बाजार बंद केला तर तोच व्यवहार पडद्याआड होईल. उघड आहे तोवर निदान दिसतो तरी. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण माझ्या मते मूळ दुखणे दोघांच्याही जरा बाजूला राहिले.

मत मालकापासून सुटते तेव्हा

हे दुखणे काही २०२५ मध्ये एकाएकी उपटलेले नाही. त्याची जुनी लक्षणे पाहू.

स्टीम नावाची एक ब्लॉकचेन होती. तिचा कारभार टोकनधारकांनी निवडलेल्या वीस प्रमुख 'साक्षीदारां'कडे असे. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन या व्यापाऱ्याने तिच्या मागची कंपनी विकत घेतली. कंपनीकडच्या मोठ्या टोकनसाठ्याच्या जोरावर तो सगळे बळकावील या भीतीने जुन्या साक्षीदारांनी तो साठा गोठवला. त्यावर २ मार्च २०२० रोजी बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या बाजारपेठांमधली टोकने मतदानात उतरली आणि वीसच्या वीस साक्षीदार बदलले गेले. ती टोकने होती गिऱ्हाइकांची, ठेव म्हणून ठेवलेली. ठेवीदाराला विचारले कुणी? ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मते काढून घेतली. पण जुनी मंडळी त्याच महिन्यात, २० मार्चला, वेगळी चूल मांडून 'हाइव्ह' नावाने निघून गेली. हे झाले ठेवीतले मत.

दुसरे उदाहरण बीनस्टॉकचे. एप्रिल २०२२ मध्ये एकाने सुमारे शंभर कोटी डॉलरचे क्षणभराचे कर्ज उचलले. त्यातून मते उभी केली, दोन तृतीयांशाहून अधिक बहुमत केले, स्वतःच आदल्या दिवशी मांडून ठेवलेला ठराव मंजूर केला, तिजोरी उपसली आणि कर्ज फेडून टाकले. कर्ज, मतदान, लूट आणि परतफेड, सगळे एकाच व्यवहारात, डोळ्याचे पाते लवायच्या आत. संस्थेचे नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचे. हे झाले उसने मत.

आणि तिसरे हे आर्बिट्रमचे, भाड्याचे मत.

तिन्ही प्रकारांत वेगवेगळी माणसे, वेगवेगळ्या खटपटी. पण मुळाशी एकच गोष्ट आहे. मत टाकणारा एक आणि त्या मताचा तोटा सोसणारा दुसराच. ज्याने ५ ईथर भरले त्याच्या खिशाला त्या १ कोटी ९३ लाख टोकनांची झळ नाही. समिती झोपली, पैसा वाया गेला, टोकनाचा भाव पडला, तरी त्याचे काही जात नाही. इथेरियमचा जनक वितालिक ब्युटेरिन याने ऑगस्ट २०२१ मध्येच लिहून ठेवले होते की टोकनावर मत देण्याच्या पद्धतीत मालकीचा धोका आणि मताचा हक्क एकमेकांपासून सोडवता येतात, आणि तिथेच ही पद्धत धोक्याची होते. इशारा होता, पण तो मनावर घेतला गेला नाही.

कारभारी निवडताना हे झाले तर नुकसान होतेच. पण देखरेख समिती निवडताना हे झाले तर नुकसान दुप्पट. कारभारी चुकला तर त्याला धरायला देखरेख असते. देखरेखीचीच खुर्ची भाड्याच्या मतावर गेली तर धरायला पुढे कुणी उरत नाही. निवडून आलेला माणूस स्वतः कितीही सचोटीचा असो, त्याच्या अहवालावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. काट्यावर उभा केलेला माणूस एका व्यापाऱ्याच्या पैशाने उभा आहे एवढे गावात कळले की काटा बरोबर असला तरी शेतकऱ्याचे समाधान होत नाही.

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

आपल्यातला कुणी लगेच म्हणेल, "मग एक माणूस एक मत करा की! आपल्या सहकारात तेच आहे." खरे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम २७ हेच सांगते. शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच, आणि ते त्याने स्वतः येऊन द्यायचे, दुसऱ्याच्या हाती पाठवायचे नाही. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये जी सहकाराची रीत घातली तिच्यातूनच हे आले आहे.

पण ब्लॉकचेनवाल्यांची अडचणही खरी आहे. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. ना रेशनकार्ड, ना सातबारा, ना मतदार यादीवर हरकत घेणारा शेजारी. एक माणूस एका रात्रीत हजार खाती उघडू शकतो. एक खाते एक मत केले तर दुसऱ्याच दिवशी हजार बोगस सभासद उभे राहतील. बोगस सभासद म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून त्यांनी मत पैशाला बांधले, कारण पैशाची नक्कल करता येत नाही. त्यांचा विचार मुळात चुकीचा नव्हता. ज्याचा पैसा जास्त अडकला त्याला काळजी जास्त, असा तो हिशेब होता. पण मत आणि पैसा यांची गाठ सुटी ठेवली. टोकन एकाकडे आणि मत बाजारात, असे झाल्यावर तो हिशेब कोसळला. म्हणजे पैशाला मत बांधण्याचा जो एकमेव फायदा होता तोच गेला.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपलीही चादर अगदी धुतलेली आहे असे मी म्हणणार नाही. मतदानाच्या आदल्या रात्री कुठे काय चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी कारखान्याचा नोकर आहे, कुठल्याही पॅनेलशी या लिखाणाचा संबंध नाही. सांगायचे एवढेच की कायद्याने आपले मत आपल्याच अंगठ्याला बांधले आहे. ते लाखाने गोळा करून एका दुकानात विकायला मांडता येत नाही. त्यांच्याकडे नेमके तेच मांडता आले.

त्यांच्याच घरातला चांगला नियम

विशेष असे की याच आर्बिट्रमने आपल्या दुसऱ्या एका मंडळाची निवडणूक बऱ्याच विचाराने बांधली होती. त्याचे नाव सुरक्षा मंडळ. वहीत एखादे भगदाड सापडले आणि सभासदांचे मतदान होईपर्यंत थांबणे परवडण्यासारखे नसले, तर तातडीने दुरुस्ती करण्याचा अधिकार या मंडळाला. सभासद बारा, आणि तातडीच्या कामाला बारांपैकी नऊ जणांच्या सह्या हव्यात.

२०२३ च्या घटनेत त्यांनी नियम असे घातले. बाराही जण एकदम निवडायचे नाहीत. सहा-सहाच्या दोन तुकड्या, दर सहा महिन्यांनी एका तुकडीची निवडणूक. म्हणजे एका झपाट्यात सगळे मंडळ कुणाला खिशात घालता येऊ नये. एका संस्थेचे तीनपेक्षा जास्त लोक नकोत. उमेदवाराला आधी एकूण मतांच्या ०.२ टक्के पाठिंबा दाखवावा लागेल, मग त्याची कागदोपत्री छाननी, आणि नंतर एकवीस दिवसांचे मतदान. त्यातही पहिल्या सात दिवसांत दिलेल्या मताला पुरे वजन आणि पुढे रोज घटत घटत एकविसाव्या दिवशी शून्य. शेवटच्या घटकेला मतांचा ट्रक रिकामा करून डाव उलटवणाऱ्याला यामुळे आळा बसतो. आणि निवडून दिलेल्याला काढण्याचीही सोय. किमान १० टक्के मते पडली आणि त्यांतली सहापैकी पाच भाग काढण्याच्या बाजूने असली की सभासद घरी.

इतका विचार सुरक्षा मंडळासाठी झाला, कारण तिथे किल्ल्या होत्या. देखरेख समितीकडे तिजोरीची किल्ली नाही, म्हणून तिच्या निवडणुकीकडे तेवढ्या धास्तीने पाहिले गेले नसावे, असे मला वाटते. इथेच माझा मतभेद आहे. किल्ली ज्याच्याकडे त्याच्याइतकीच काळजी किल्लीवर नजर ठेवणाऱ्याला निवडताना घेतली पाहिजे.

मग करावे काय?

उपाय सांगणे माझ्या अधिकारात नाही. तरी शेतीतला माणूस पाणी कुठून फुटते ते पाहून बांध घालतो, त्या नजरेने चार गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, देखरेखीच्या निवडणुकीत मत देणाऱ्याचे टोकन निवडणुकीआधी काही काळ आणि नंतरही काही काळ अडकून राहावे. बीनस्टॉकसारखे क्षणाचे कर्ज यात टिकणार नाही. मात्र एवढ्याने भागेल असे कुणी समजू नये. कर्व्ह नावाच्या संस्थेने २०२० मध्येच टोकने चार वर्षांपर्यंत अडकवून ठेवणाऱ्याला जास्त मत असा नियम केला होता. तरी २०२१ पासून त्या अडकलेल्या मतांनाही पैसे देऊन वळवण्याचा बाजार उभा राहिलाच. कुंपण असले तरी फाटक उघडे राहिले तर जनावर शिरतेच.

दुसरी गोष्ट, जे मत पैसे देऊन आले ते कुणी आणले, कुणासाठी आणले, हे मतदान संपण्याआधी सर्वांना जाहीर व्हावे, आणि ज्या उमेदवाराच्या बाजूने ते पडले त्याने आपला त्याच्याशी संबंध आहे की नाही हे लिहून द्यावे. हे न देणाऱ्याची निवड रद्द. उघड बाजाराचा एकच गुण सांगितला जातो की तो दिसतो. मग तो पूर्ण दिसू द्या. अर्धा उघडा, अर्धा झाकलेला काय कामाचा?

तिसरी गोष्ट, समितीचे काम नेमके आखलेले असावे आणि तिला मध्येच घरी पाठवता यावे. कार्डानो या दुसऱ्या ब्लॉकचेनमध्ये घटना समिती आहे. ठराव घटनेला धरून आहे की नाही एवढेच ती पाहते. स्वतः तिजोरीतून एक पैसा काढू शकत नाही. आणि तिच्यावर अविश्वास ठराव आणण्याची तरतूद नियमांतच आहे. निवडणुकीत गफलत झाली तरी पुढे ती निस्तरता येते. सुरक्षा मंडळाला आर्बिट्रमनेही हीच वाट ठेवली होती. देखरेख समितीलाही तीच हवी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले गेले.

दोष घेणाऱ्याचा की देणाऱ्याचा?

सगळ्यांनी बोट दाखवले ते ५ ईथर भरणाऱ्याकडे आणि लॉबीफायकडे. पण त्या दुकानात माल आला कुठून? ती १ कोटी ९३ लाख मते आकाशातून पडली नाहीत. ती खऱ्या टोकनधारकांनी आपण होऊन तिथे नेऊन ठेवली होती. "मी कुठे वाचत बसू? मत तसेही पडूनच आहे, चार पैसे मिळाले तर मिळाले." हाच तो विचार. ज्यांच्या संस्थेची देखरेख व्हायची होती त्यांनीच देखरेखीचा हक्क थोड्या भाड्यावर लावून दिला. पंधरा पैसे हा भाव खरेदीदाराने पाडला नाही. तो मालकाच्या उदासीनतेने पडला. ज्या मालाची मालकालाच किंमत नाही त्याला बाजार किंमत कशाला देईल?

ही उदासीनता किती होती पाहा. मोठे, घटनेला हात घालणारे ठराव मंजूर व्हायला आर्बिट्रमच्या घटनेत एकूण मतांच्या फक्त ५ टक्के मते लागत. शंभरातली पाच! तीही जमवताना दमछाक होऊ लागली, म्हणून २०२५ मध्ये ही अट ४.५ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडावा लागला. शंभरातली नव्वद मते घरी झोपलेली असतील तर उरलेल्या दहांत भाड्याची दोन आली तरी पारडे फिरते. विकत घेणाऱ्याला बहुमत विकत घ्यावे लागत नाही. झोपलेल्यांची वजाबाकी करून जे उरते त्याचा थोडा भाग पुरतो.

म्हणून लॉबीफाय बंद करा म्हणणाऱ्यांना मी म्हणेन, ते दुकान बंद केले तरी माल गोदामात पडून राहीलच, दुसरा दुकानदार येईल. गोदाम रिकामे करायचे तर टोकनधारकाने एक तर स्वतः मत द्यावे, किंवा विश्वासाच्या माणसाला प्रतिनिधी करून वर्षातून दोनदा तरी पाहावे की त्याने आपले मत कुठे टाकले. त्यांच्या वहीत प्रत्येक मत कायमचे नोंदलेले असते. पाहणाऱ्याला घरबसल्या दिसते. एवढी सोय आपल्या गुप्त मतदानात नाही. ती सोय असून वापरली नाही हे त्या मंडळींचे खरे अपयश आहे.

जाता जाता

ज्या सभासदांच्या घरी मुलांनी असली टोकने घेतली आहेत त्यांना एक सूचना. घ्या किंवा घेऊ नका, असा सल्ला मी देणार नाही. तो माझा विषय नव्हे. पण अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का कर उगमातच कापला जातो. एका टोकनाचा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करून मिळत नाही. पैसे घालण्यापूर्वी पोराला एवढे विचारा की या टोकनाला मत आहे का, असेल तर ते कुणाच्या नावे केले आहे, आणि त्याने ते मागच्या वेळी कुणाला टाकले. उत्तर आले नाही तर समजावे की भाव पाहण्यापलीकडे त्याने काही पाहिलेले नाही.

आणि आपल्यापुरते सांगायचे तर वार्षिक सभेची नोटीस पोस्टाने येते, अहवालाचे पुस्तक बरोबर असते. ते पुस्तक उघडून निदान खर्चाची चार पाने वाचून सभेला यावे, समजले नाही ते उभे राहून विचारावे. एका मताची किंमत फार नसते असे वाटते. पण ते मत आपण वापरतो तोवरच ती किंमत आपण ठरवतो. वापरायचे सोडले की ती दुसरा ठरवतो, आणि तो पंधरा पैसेच ठरवतो.